डब्यातली टेंभरं

येसर उकळत्या पाण्यात एकदम टाकू नये, आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, हे मी माझ्या मैत्रिणीला बारा उन्हाळे सांगितलं. तिनं कधी मनावर घेतलं नाही. घेणार तरी कशाला, चुलीपुढं मी होतेच ना.

येसर म्हणजे आमच्या लातूरकडचं लग्नघरचं पीठ. हरभऱ्याची डाळ, गहू, बाजरी, तांदूळ, धने, जिरे, दगडफूल, लाल मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळून आणायचं. आळस करून एकत्र भाजलं तर काही कच्चं राहतं, काही करपतं. फोडणीच्या पाण्यात हे पीठ सोडलं की अर्ध्या घंट्यात सहा माणसांची आमटी तयार. भाजी नको, नारळ नको, फ्रीज तर नकोच नको. भाकरी कुस्करायची, वरून आमटी ओतायची, कांदा बुक्कीनं फोडायचा. याच्याहून स्वस्त जेवण मला तरी ठाऊक नाही.

माझं माहेर किल्लारीजवळचं. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होते. पुढं कितीतरी महिने आम्ही पत्र्याच्या शेडात काढले आणि आई बाहेर तीन दगडांवर याच येसराची आमटी करायची. त्यामुळं लग्नानंतर आमचे हे म्हणाले, "सुट्टीत तंबू घेऊन जंगलात राहू," तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हणलं, माणसं घर बांधण्यात जन्म घालवतात आणि तुम्हाला उघड्यावर झोपायची हौस. पण गेले. आणि मला ते इतकं आवडलं की पुढं शाळेचा निकाल कधी लागतो आणि आम्ही कधी निघतो असं होऊन जायचं.

आम्ही तीन जोडपी. आम्ही दोघं लातूरचे. माझी ही मैत्रीण आणि तिचे मालक नांदेडचे. ती आणि मी डी.एड.ला एका बाकावर बसलेल्या, दोघीही जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झालेल्या. तिसरं जोडपं देगलूरचं, तिच्या नात्यातलं. गाडी आमची, जुनी जीप. नांदेडहून भोकर, हिमायतनगर करत सहस्रकुंडाला जायचं, तिथून किनवटच्या जंगलात दोन मुक्काम आणि शेवटी माहूरला देवीचं दर्शन. पोरं तेवढे दिवस मामाकडं.

पहिल्या दिवशी घरून नेलेले धपाटे आणि दही. दुसऱ्या दिवसापासून माझं राज्य. सकाळी चुरमुरे भिजवून कांद्याच्या फोडणीला टाकायचे, आम्ही त्याला सुशीला म्हणतो. दुपारी खिचडी, नाहीतर नुसती शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. संध्याकाळी येसर. भावजी, म्हणजे मैत्रिणीचे मालक, ताटाला बोट लावून चाटायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हॉटेलात जाऊन पैसे कशाला घालवायचे बगा." लाकडं आमचे हे आणायचे. ओली आणायचे आणि धूर झाला की मलाच ओरडायचे. मी पण ऐकून घेणारी नाही, उलथनं दाखवायचे. मग सगळे हसायचे.

जीपमध्ये माझी जागा ठरलेली होती. ड्रायव्हरच्या मागची, खिडकीजवळची. पायाशी पिठाचे डबे, मांडीवर पाण्याची कळशी. तिथून यांची मान दिसायची. बारा वर्षं त्या मानेकडं बघत मी प्रवास केला.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. हेही मास्तर, शाळेतच हार्ट अटॅक आला. पुढचे दोन उन्हाळे कुणीच कुठं गेलं नाही. जीप अंगणात उभी राहून गंजायला लागली. मला चालवता येत नाही आणि पोरगा पुण्यात. भावजी म्हणाले, "वहिनी, परक्याच्या दारात जाण्यापरीस आम्हीच घेतो." मला बरं वाटलं. मी एकच गोष्ट मागितली. म्हणलं, गाडी न्या, पण उन्हाळ्यात माझी जागा मला पाहिजे. मैत्रिणीनं माझा हात धरला. "येडी का काय तू. गाडी तुझीच हाय. तुझ्याबिगर आम्ही जाऊन राहिलो होय?"

त्या एका वाक्यावर मी आख्खा हिवाळा काढला. ज्याचं माणूस गेलं आहे त्यालाच कळेल की वर्षातून सहा दिवस कुणीतरी आपल्या हातचं खाणारं असणं म्हणजे काय. घरात एकटीसाठी मी भाकरी करत नाही, दोन दिवसांचा भात एकदम लावते. चूल पेटवून चार माणसांना "बसा आता" म्हणायला मला तेवढीच जागा उरली होती.

या वर्षी फेब्रुवारीत मैत्रीण लातूरला लग्नाला आली. येताना तिचा मोठा स्टीलचा डबा घेऊन आली, त्यात माझ्यासाठी कुरडया. आमच्यात डबा रिकामा पाठवत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामा नाही. कुरडया काढून घेतल्यावर म्हणाली, "यात येसर भरून दे गं. पोरीला होस्टेलला पाहिजे. तिथलं जेवण लई वंगाळ हाय." मी दोन दिवस बसून भाजलं. डाळ वेगळी, गहू वेगळा. पोरीसाठी म्हणून मिरची कमी घातली. डबा काठोकाठ भरून तिच्याबरोबर दिला आणि विचारलं, "यंदा कधी निघायचं?"

ती म्हणाली, "यंदा कुणीच जाऊन नाही राहिलं. ह्यांचे गुडघे धरलेत. देगलूरच्या वहिनीचं पण जमत न्हाई. आणि यंदा ऊन लई असणार म्हणतात." मला वाईट वाटलं, पण मी समजूत घातली. तिचीच. म्हणलं, असू दे, भावजींच्या गुडघ्याला तिळाचं तेल लाव.

मे अर्धा सरला. एका दुपारी भावजी दारात. लातूरला काही काम होतं म्हणे. जीप फाटकाबाहेर, मला बघून बरं वाटलं, आमच्या यांनी लावलेलं पिवळं स्टिकर तसंच होतं. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले, "गुडघ्याला काय झालंय?" मग गडबडीनं "हाव, बरे आहेत" म्हणाले. डबा हातात दिला. "हिनं पाठवलाय. संपलं म्हणे, पुन्हा भरून ठेवा, रविवारी न्यायला येतो." चहा घेतला आणि गेले.

मी डबा ओट्यावर ठेवून उघडला. आत टेंभरं होती. पिवळी, पिकलेली, पळसाच्या पानावर नीट मांडलेली.

टेंभरं म्हणजे टेंभुर्णीची फळं. वरून टणक, आत चिकूसारखी गोड, दाताला चिकटणारी. आमच्या लातुरात कुणी विकत नाही. किनवटच्या जंगलात, घाटाच्या वळणावर आदिवासी बाया टोपल्या घेऊन बसतात. दरवर्षी गाडी तिथं थांबायची आणि आमचे हे दोन पानं भरून घ्यायचे. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ती टिकतही नाहीत.

डबा रिकामा पाठवायचा नाही म्हणून तिनं हाताला लागलं ते भरलं. इतकी सवय अंगात मुरलेली की आपण काय भरून राहिलो हेही सुचलं नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले. रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. ते जाऊन आले. माझ्या गाडीत बसून, माझं येसर घेऊन जाऊन आले. पोरगी होस्टेलला, आणि पोरीच्या नावानं मी मिरची कमी घातली.

मी टेंभरं खाल्ली नाहीत. तीन दिवसांत मऊ पडली, मुंग्या लागल्या. अन्न टाकायची मला सवय नाही, माहेरी तसं वळणच नव्हतं, पण ती उकिरड्यावर टाकली. फोन केला नाही. तोंडावर विचारायचं ठरवलं.

रविवारी जीप आली. भावजी गाडीतच बसून राहिले. एरवी चहाशिवाय हलायचे नाहीत. मैत्रीण आत आली, पाणी प्यायली, ओट्यावरची येसराची भरलेली बरणी बघून हसली. "केलंस होय. बरं झालं."

मी विचारलं, "टेंभरं कुठून आणलीस?"

तिचा चेहरा उतरला. आधी म्हणाली, शेजारच्यांनी दिली. मी नुसती बघत राहिले. मग खाली बसली. "माहूरला आम्ही बाया ओट्या भरतो. देगलूरच्या वहिनी म्हणाल्या, त्यांना आता कसं न्यायचं. देवीपुढं तुला बाजूला उभं करावं लागलं असतं. सगळे जोडीनं, तू एकटी. तुलाच वाईट वाटलं असतं गं. म्हणून म्हणलं, कळूच नको."

"मी कधी म्हणाले मला ओटी भरायची हाय?" माझा आवाज चढला. "बारा वर्षं डोंगर चढले, एक वर्ष खाली गाडीत बसले असते. ओटीला माझा हात चालत नाही आणि येसराला चालतो, हे कुठलं शास्त्र?"

ती रडायला लागली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुझी लई आठवण काढली सगळ्यांनी. खोटं सांगत न्हाई. आमटीत गुठळ्या झाल्या. कुणाला जमेचना."

आठवण काढली म्हणे. गुठळ्या झाल्या तेव्हा काढली. कुणी अनोळखी माणसानं फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. हिला मी बाळंतपणात डिंकाचे लाडू खाऊ घातले, हिच्या पोरीचं बारसं माझ्या घरात झालं. गोड बोलून केसानं गळा कापला आणि वर मलाच म्हणते, तुझ्यासाठी कापला.

"पुढच्या वर्षी नक्की," ती म्हणाली. "मी वहिनीला सांगते ना. माहूर सोडून देऊ लागलं तर." मला ते ऐकायचंही नव्हतं. पुढच्या वर्षी न्यायचं की नाही हे आता त्या सगळ्या मिळून ठरवणार, आणि मी दाराशी पिशवी भरून बसणार.

मी उठले. तिचा डबा मोरीत नेऊन राखेनं घासला, धुतला, कोरड्या फडक्यानं पुसला. तिला वाटलं आता भरते. ती बरणीकडं बघत होती. मी झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात दिला.

हातात घेतल्याबरोबर तिला कळलं. तिनं झाकण उघडून बघितलंसुद्धा नाही. माझ्या घरातून आजवर कुणाचा डबा रिकामा गेला नव्हता, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ती चप्पल घालून फाटकापर्यंत गेली, मी दारातून बघत राहिले. तिनं जीपचं मागचं दार उघडलं, डबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीजवळ ठेवला आणि स्वतः पुढं जाऊन बसली.