पेट्रोलचा खोटा काटा

पनवेलच्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. मुलं प्रयोगाला उभी राहिली की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: रीडिंग घेण्याआधी उपकरण तपासा. काटा शून्यावर आहे का बघा, नसेल तर चूक किती आहे ते आधी लिहून ठेवा. वर्षानुवर्षं हे सांगणाऱ्या माणसाने आपल्या गाडीच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि त्याच्या भरवशावर एकाला चोर ठरवलं. याची मला आजही शिसारी येते. गाडीची नाही, माझी.

गोष्ट दोन हजार दहाच्या आसपासची. करंजाड्यात आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. इमारती भराभर उभ्या राहत होत्या, पण नळाला धड पाणी नव्हतं. एक दिवसाआड सकाळी टँकर यायचा. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडून मी त्याची दहा-बारा वर्षं वापरलेली मोटरसायकल घेतली होती. इंजिन ठणठणीत होतं. हँडलचं लॉक बिघडलेलं होतं, आणि पेट्रोलचा काटा जरा नाचतो, असं त्याने हसत हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

आमचा वॉचमन पन्नाशी ओलांडलेला, चिरनेरच्या अलीकडच्या एका गावचा. घरची भातशेती होती, त्यातली बरीचशी भूसंपादनात गेली होती. उरलेल्या तुकड्यावर भागत नव्हतं म्हणून तो गेटजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये राहायचा आणि आठवड्यातून एकदा गावी जाऊन यायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे. टँकर आला की पाइप आत नेण्यासाठी तो पार्किंगमधल्या गाड्या बाजूला सरकवायचा आणि टँकर गेला की पुन्हा लावून ठेवायचा. माझी गाडी मी डबल स्टँडवर उभी करायचो. मामा ती साइड स्टँडवर लावायचा, कारण टँकरच्या घाईत तेच सोपं पडायचं. हे मला टँकरच्या प्रत्येक दिवशी दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

एका सकाळी गाडीला किल्ली लावली तर काटा अर्ध्यावरून पावावर आलेला. आदल्या संध्याकाळी मी स्वतः अर्धा बघितला होता. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मी एका जुन्या जर्नलच्या पाठीमागे तक्ताच आखला. एका रकान्यात संध्याकाळचा काटा, दुसऱ्यात सकाळचा. टँकरच्या दिवशी काटा हमखास खाली, इतर दिवशी बहुतेक जागच्या जागी. टँकरच्या दिवशी गाडीला हात कोण लावतं? मामा. आपण किती पद्धतशीरपणे शोध लावला, असं मला वाटलं होतं.

बायको म्हणाली की आधी गाडी कुणाला तरी दाखवून घ्या, उगाच गरिबावर आळ नको. मी तिच्यापुढे तक्ता धरला. ती आत गेली.

रविवारी सकाळी मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. ते सेवानिवृत्त गृहस्थ, कडक इस्त्रीचे, आणि अशा कामाला एका पायावर तयार. दोन सभासद बरोबर घेऊन ते थेट केबिनमध्ये शिरले. मीही मागोमाग गेलो. मामा बाहेर उभा होता. त्याच्या समोर त्याचं अंथरूण उलगडलं गेलं, पत्र्याची पेटी उघडली गेली, कपडे बाजूला टाकले गेले. स्टोव्हच्या मागे प्लॅस्टिकची एक बाटली सापडली, अर्धी भरलेली. सेक्रेटरींनी बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं आणि बाटली माझ्यापुढे केली.

"सर, तुम्ही लॅबवाले. तुम्हीच सांगा, पेट्रोल आहे ना?"

"राकेल हाय ते," मामा म्हणाला. "स्टोचा हाय."

मी बाटली नाकाशी नेली. ते राकेलच होतं. पेट्रोलचा वास नाकात चढतो आणि उडून जातो. राकेलचा तेलकट, जड असतो, बोटांना चिकटून राहतो. मला एका हुंगण्यात कळलं. पण तिघे माझ्याकडे बघत होते, तक्ता माझ्या खिशात होता, आणि मीच सगळ्यांना खाली बोलावून आणलं होतं. मी म्हणालो, "वास तसाच येतोय."

तसाच म्हणजे कसा, ते कोणी विचारलं नाही. मी मुद्दामच तसं बोललो होतो, की पुढे अंगाशी आलं तर म्हणता यावं, मी पेट्रोल म्हणालोच नव्हतो. मामा सेक्रेटरींकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. दुपारच्या आत त्याने पेटी भरली, स्टोव्ह आणि बाटली गोणपाटात बांधली आणि तो चालत निघून गेला. दुसऱ्या दिवशी सिक्युरिटी एजन्सीचा माणूस गणवेश घालून गेटवर उभा राहिला.

आठवडा गेला. टँकर आला, नव्या माणसाने गाडी सरकवली, काटा खाली. मी स्वतःला समजावलं की हाही तसलाच असेल. इतका मी घसरलो होतो. मग एका दुपारी उरण रस्त्याला गाडी आचके देत बंद पडली. काटा अर्ध्यावर. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली तर आत आवाजच नाही. टाकी कोरडी. पंपापर्यंत गाडी ढकलत नेली. बाजूने ट्रेलर धूळ उडवत जात होते, तोंडात माती जात होती, आणि ढकलता ढकलता मला कळत होतं की काय झालंय. तरी घरी येऊन मी कोणाला सांगितलं नाही. गॅरेजला गेलो.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीकडे नीट बघितलंही नाही. मीटरच गेलाय म्हणाला आणि नवा बसवला. नवा काटाही तसाच नाचायला लागला. दुसरा म्हणाला, वायरिंग सडलंय. त्यानेही नवी वायर ओढली. काट्यात फरक नाही. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, सर, जुनी गाडी आहे, काट्याकडे बघायचंच नाही, झाकण उघडून बघायचं. या दोघांचा मला मनस्वी तिटकारा आला. न तपासता बोट दाखवणारे लोक! असं मनात म्हटलं आणि तिथेच थांबलो. त्या दोघांनी निदान माणसाकडे तरी बोट दाखवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गाडी मीच उघडली. लॅबमधून मल्टिमीटर आणला. टाकीखालून दोन वायरी येतात, त्यांचा जोड सोडवला. काटा तळाला गेला. दोन्ही टोकं एका तारेने जोडली; काटा सरसर फुलवर गेला. म्हणजे मीटर चांगला आणि वायरही चांगली. दोष टाकीच्या आत. एवढं कळायला दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं मी महिन्यापूर्वी काढली असती तर मामाची पेटी कोणी उघडली नसती.

पेट्रोल काढून टाकी उतरवली, उलटी केली, बुडाचे नट सोडले आणि आतला फ्लोट बाहेर ओढला. त्याच्याबरोबर जे आलं ते बघवेना. तपकिरी, बुळबुळीत गाळ, गंजाचे पापुद्रे, तळाशी साचलेलं पाणी, आणि जुन्या कुजक्या पेट्रोलचा असा भपकारा की मी तोंड फिरवून ओकारी आवरली. हात साबणाने तीनदा धुतले तरी जेवताना वास येत राहिला.

फ्लोट म्हणजे पितळेचा पोकळ डबा. पेट्रोलवर तरंगतो, वरखाली होतो, आणि त्याला जोडलेली पट्टी एका तारेच्या गुंडाळीवर सरकते. त्यावरून काट्याला कळतं पेट्रोल किती. मी डबा कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं. सांध्याला कुठेतरी बारीक भोक होतं, त्यामुळे डबा जड होऊन धड तरंगत नव्हता. पट्टी गंजून गाळात चिकटत होती, म्हणून काटा कधी अर्ध्यावर अडकून राहायचा. आणि गाडी साइड स्टँडवर कलंडली की आतलं पेट्रोल एका बाजूला सरकायचं, फ्लोट खाली बसायचा आणि तिथेच रुतायचा. टँकरच्या दिवसांचं एवढंच रहस्य होतं.

भोक शोधायला डबा गरम पाण्यात बुडवला. सांध्याच्या एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथे खूण केली. उरलेलं पेट्रोल त्याच भोकातून थेंबाथेंबाने काढलं, डबा पुन्हा पुन्हा गरम पाण्यात धुतला, चार दिवस उन्हात ठेवला. वास पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावरच कथलाचा डाख दिला. गुंडाळी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासली, पट्टी किंचित वाकवून नीट टेकवली, टाकी खडे घालून खळबळून धुतली. जोडल्यावर एकेक लिटर ओतत काटा बघितला. शहाण्यासारखा एकेक पायरी वर चढला. मला जराही आनंद झाला नाही.

सेक्रेटरींना जाऊन सांगितलं, मामाने चोरी केली नव्हती, बाटलीत राकेल होतं आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. ते चहा पीत होते. म्हणाले, जाऊ द्या हो सर, झालं ते झालं, एजन्सीचं काम जास्त चांगलं आहे. मग सहज म्हणाले की मामा उरणकडच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला लागत होता, तिथून फोन आला होता, आपण खरं ते सांगून टाकलं. खरं ते. त्यांच्या बशीतला चहा त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. पण त्यांना ते खरं पुरवलं कोणी होतं?

मी तसाच मामाच्या गावी गेलो. तो घराच्या पडवीत सुतळीने टोपली बांधत बसला होता. त्याच्या बायकोने मला बघितलं आणि ती आत निघून गेली, पाणी घेऊन आली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: फ्लोट, भोक, गाळ. तो ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "तुमी तवा बाटलीचा वास घेतला. तुमाला कलला नव्हता काय, राकेल हाय का पेट्रोल?"

"कळलं होतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मना वाटलाच. तुमी शिकलेली मानसा." मग तो पुन्हा सुतळीला गाठी मारू लागला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी घेऊन मी काय करू? यार्डात जाऊन सांगा."

मी यार्डात गेलो. सुपरवायझरसमोर उभा राहिलो, लेखी आणलेलं पत्र पुढे ठेवलं. त्याने वाचलं आणि विचारलं, मग पेट्रोल नेलं कोणी? मी म्हणालो, कोणीच नाही, काटा खराब होता. तो खो खो हसला. शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारून त्याने पत्र वाचून दाखवलं, तोही हसला. मी ते हसणं उभ्याने ऐकून घेतलं. शेवटी त्याने पत्र फायलीत लावलं आणि बघतो म्हणाला. बघतो म्हणजे काय, असं विचारत मी पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीनदा गेलो. चौथ्या खेपेला त्याने वैतागून सांगितलं की तुमचा माणूस सोमवारपासून येतोय, आता तुम्ही येऊ नका.

सोसायटीच्या पुढच्या सभेत मी उठून सगळं बोललो, बाटलीसकट. कोणी खोकलं, कोणी मोबाइल काढला. सेक्रेटरी म्हणाले, बसा सर, पाण्याचा विषय महत्त्वाचा आहे. मी बोलणं पूर्ण करून बसलो. घरी आल्यावर बायकोने जेवायला वाढलं आणि तक्ता बघितल्यापासून पहिल्यांदाच त्या विषयावर बोलली. म्हणाली, "हे त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

मी हो म्हणालो आणि जेवायला बसलो.