पाचचा ग्रुप, साडेचारची माणसं

ग्रुप थेरपीला जायला लागल्यापासून माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की काळजी करायला वेळ कमी पडतो. तरी काढते मी वेळ!

पंचवटीत एका दवाखान्याच्या वर आम्ही सहा जण दर शनिवारी पाचला गोल बसतो. कोणी धास्तावलेलं, कोणी खचलेलं, आणि स्वतःला टोचून बोलण्यात सगळेच पटाईत. मी विज्ञान शिकवते. म्हणजे शिकवायचे. एकदा फळ्यासमोर छातीत इतकं धडधडलं की वर्ग सोडून घरी आले, ती परत शाळेत गेलेच नाही.

*

पहिल्या शनिवारी उशीर होईल या धास्तीनं साडेचारलाच पोचले. इतक्या लवकर वर कसं जायचं, म्हणून खाली भाजीवालीकडे मेथीच्या जुड्या बघत बसले. शेजारी एक काका कोथिंबीर बघत होते, पलीकडे एक मुलगी वांगी. पाचला तिघंही एकाच जिन्यानं वर!

मागून भाजीवाली म्हणाली, "दर शनिवारी नुसतं बघत्यात. घेत कोणीच नाय!"

*

समुपदेशक मॅडमनी होमवर्क दिला, स्वतःबद्दलच्या तीन चांगल्या गोष्टी लिहून आणा. निफाडचे दत्तूभाऊ द्राक्षबागायतदार, मोबाइलवर हवामान बघून बघून झोप उडालेले. त्यांनी वाचलं, "एक, बायको समजूतदार हाय. दोन, बाग चांगली हाय. तीन, विहिरीचं पाणी गोड हाय."

"यात तुम्ही कुठे आहात?"

"मॅडम, तुम्ही चांगल्या गोष्टी सांगितल्या व्हत्या ना!"

*

एकदा मॅडमच सव्वापाचपर्यंत आल्या नाहीत. माझी खात्री, मागच्या वेळी मी जास्त बोलले म्हणून. कोथिंबीरवाले काका म्हणाले, "छे, मी जांभई दिली होती." वांगीवाली मुलगी रडवेली, "मी त्यांच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवला!" कोणाचा गुन्हा मोठा यावर चांगलीच जुंपली.

तेवढ्यात मॅडम धापा टाकत आल्या. स्कूटर पंक्चर. "सॉरी, चुकलंच माझं!"

आम्ही एका सुरात, "नाही नाही, आमचंच!"

*

परवाचा शनिवार. रजा संपून सोमवारी मला शाळेत हजर व्हायचं होतं आणि मी राजीनामा लिहून ठेवला होता, हे मी ग्रुपला सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, मनात स्वतःला जे ऐकवता ते चिठ्ठीवर लिहा. शेजाऱ्यानं ते तुमच्याकडे बघून मोठ्यानं म्हणायचं.

मी लिहिलं, "तुला शिकवता येत नाही. पोरांना तुझी लाज वाटते. जाऊ नकोस."

चिठ्ठी दत्तूभाऊंकडे गेली. त्यांनी दोनदा वाचली. कान लाल झाले.

"बाईंना असं कोण बोललं? नंबर द्या त्याचा!"

"दत्तूभाऊ, अहो, तसं नाही..." मॅडम म्हणाल्या.

"नंबर द्या!"

काय सुचलं कोण जाणे, मी माझाच नंबर सांगितला. त्यांनी तो लावला आणि माझ्या पर्समध्ये रिंग वाजली. दत्तूभाऊंनी पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता सगळे हसणार.

"उचला," ते म्हणाले.

मी उचलला. हातभर अंतरावरून ते फोनमध्ये ओरडले, "हॅलो! बाई सोमवारी शाळेत जाणार हायेत. परत असं बोलायचं नाय त्यांना!"

मी फोन कानाला घट्ट धरला आणि म्हणाले, "नाही बोलणार."