साबुदाणा विणीचा गळपट्टा

लातुरात लोकरीला गिऱ्हाईक नाही, हे तारामतीला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

ती मूळची किल्लारीची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात असताना, नांदेडहून लंगर घेऊन आलेल्या एका सरदारणीनं तिच्या हातात गोल सुई दिली. तारेनं जोडलेल्या दोन सुया. गोल गोल विणत राहायचं. ना शिवण, ना टोक. तारामतीचे हात तेव्हा थरथरायचे. विणता विणता ती थरथर थांबली. एक खोड मात्र लागली ती लागलीच: पोत्याची असो की डब्याच्या फडक्याची, गाठ मारायची ती दातओठ खाऊन.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. तारामतीनं पोरींची मेस काढली. भाकरी थापून झाल्या की विणकाम. मोजे कुणी घालेना, ते टेबलाच्या पायांना गेले. टोपी पाण्याच्या जारवर बसली.

"मावशी, लातुरात पाणी विणा की!" मेसमधली रेणापूरची मृण्मयी चिडवायची.

आणि नंबर लागला तो हिचाच. डॉक्टरीला, थेट हिमाचलात. बर्फात! तारामती तोंडातला पेढा गिळायची विसरली. अखेर थंडी वाजणारा एक गळा सापडला होता.

तिनं गळपट्टा विणायला घेतला, डोक्यातून घालायचा, बिनटोकाचा गोल. खांद्यावर पसरट, वर टाके कमी करत निमुळता. सुलट्यावर उलटा, उलट्यावर सुलटा, अशी दाणेदार साबुदाणा वीण. गाडी नांदेडहून होती. पोरगी गाडीत बसेपर्यंत दाखवायचा नाही, असं ठरवून ती नांदेड स्टेशनावर पोचली.

मृण्मयीनं तो खिडकीतून घेतला, डोक्यात घातला. कपाळावरून कसाबसा खाली आला आणि नाकावर अडकला.

"मावशी, दिसंना झालंय!"

"डॉक्टरीणबाई, आधी स्वतःला बाहेर काढा," सोबत निघालेले वडील, रेणुकादास गुरुजी म्हणाले. अख्खा डबा हसला.

तारामती नाही हसली. शेवटची फेरी तिनं सवयीनं आवळून बंद केली होती. आता हाही टेबलाच्या पायालाच जाणार?

"आण इकडं."

तिनं दातानं गाठ तोडली, फेरी उसवली, पिशवीतली सुई काढून टाके तिच्यावर घेतले, उरलेला लोकरीचा गुंडा जोडला आणि फलाटावर फतकल मारून बसली. बोटांना बजावत होती: ढिल्लं, ढिल्लं.

"ताई, गाडी सुटायली की!" गुरुजी खिडकीतून ओरडले.

अर्धी फेरी बाकी होती. तारामती पळत सुटली. गळपट्टा सुईसकट खिडकीत कोंबला. गुंडा मात्र हातातच राहिला. लोकर ताणली गेली. मग तिनं नेम धरला. गुंडा गजांतून आत गेला आणि कुणाच्या तरी पोह्यांत पडला.

"दोन टाके विण, पहिला दुसऱ्यावरनं काढ, अशी कड बंद कर!" ती ओरडली. "आवळू नको गं!"

पुढच्या आठवड्यात फोटो आला. मागं धुकं, मृण्मयीच्या गळ्यात गळपट्टा. अर्धी कड नीट, अर्धी भोकाभोकाची, झुलणारी. तारामतीनं तो भाजीवाल्याला दाखवला, गॅसवाल्याला दाखवला.

"तिच्या खोलीत नागपूरची एक पोरगी हाय म्हणं," ती मेसच्या पोरींना म्हणाली. "तिचाबी गळा उघडाच हाय."

टेबलाचे मोजे भराभर उसवले गेले. सुई मात्र हिमाचलात. तारामती नवी आणायला निघाली, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात कुणा पोरीची.