काच जागेवर आहे

रघूचा फोन दुपारी बाराला यायचा. त्या दिवशी आला नाही. सव्वाबारा झाले तेव्हा मी समजलो की काच गेली. धायरीतल्या त्याच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर सौरघटाची एक काच होती. उन्हात ती किती वीज देते ते तो रोज बाराला मोजायचा आणि मला कोथरूडला फोन करून आकडा सांगायचा. ती कधीतरी निकामी होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून मी सांत्वनाची दोन वाक्यं मनाशी जुळवली, फार गोड होऊ नये म्हणून त्यातलं एक गाळलं आणि फोन लावला. उचलला त्याच्या धाकट्या भावाने, पोपटरावांनी. मी विचारलं, "काय हो, काच गेली का?" ते म्हणाले, "काच हाय जागेवर. दादा गेला."

पहाटे झोपेतच गेला होता. पोपटराव खालच्या मजल्यावर राहतात. ते डबा घेऊन वर गेले तेव्हा कळलं. याला आता काही आठवडे झाले. माणसाच्या आधी काचेची चौकशी केली याचं पोपटरावांना काही वाटलेलं दिसलं नाही. रघूला तर त्यात काही वावगं आहे हे समजावून सांगावं लागलं असतं.

आमची ओळख कॉलेजातली. तो पदार्थविज्ञान शिकवायचा, मी इतिहास. एकदा कशाला तरी त्याच्या प्रयोगशाळेत डोकावलो, तर टेबलावर तपकिरी पाण्याची काचपात्रं ओळीने मांडलेली आणि प्रत्येकात काचेच्या पट्ट्या उभ्या बुडवलेल्या. मी विचारलं, "लोणचं का?" वर न बघता तो म्हणाला, "हो. मुरायला वर्ष लागतं." मला तो विनोद वाटला. पुढे कळलं की माणूस अक्षरशः खरं बोलत होता. कल्हईवाल्याकडे असतं ते कथिल आणि साधं गंधक, यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर काचेवर चढवायचा आणि त्यापासून उन्हात वीज देणारा घट करायचा, हे त्याचं काम. दुर्मीळ काही नको, महाग काही नको. गरिबाच्या छपरावर बसेल असं काहीतरी, असं मी एकदा एका भाषणात त्याच्याबद्दल म्हणालो, तर खाली आल्यावर म्हणाला, "छपराचं राहू दे. अजून खिडकीत टिकत नाही."

टिकत नाही, हेच त्याचं दुखणं. त्याच्या विषयातले बहुतेक लोक घट तयार झाला की त्याच दिवशी मोजतात आणि निबंध पाठवून देतात. रघू काच वर्षभर उन्हात ठेवायचा आणि मग मोजायचा. "पहिल्या दिवशी सगळेच हुशार असतात," असं त्याचं म्हणणं. वर्षानंतर बहुतेक काचा निकामी झालेल्या असत आणि निकामी काचांवर निबंध छापायला कोणालाही घाई नसते. विभागप्रमुख एकदा माझ्यासमोरच त्याला म्हणाले, "रघुनाथराव, तुम्ही असे वर्ष वर्ष थांबलात तर जग पुढे निघून जाईल हो." रघू म्हणाला, "जाऊ द्या सर. मी सांगतो मागून." जग गेलं. विभागप्रमुखही पुढे कुठल्यातरी मोठ्या खुर्चीवर गेले. रघू ज्या पदावर लागला त्याच्या एकच पायरी वर निवृत्त झाला आणि काचांचं एक खोकं घरी घेऊन आला.

घर म्हणजे धायरीतली तिसऱ्या मजल्यावरची सदनिका. ज्या जमिनीवर त्याचे वडील ज्वारी पेरायचे तिथेच ती इमारत उभी आहे. त्याने काचा दक्षिणेच्या खिडकीबाहेर कट्ट्यावर मांडल्या. शेजाऱ्यांना वाटलं, कबुतरं घाबरवायला आहेत. समोरच्या बाई दोन काचा मागायलाही आल्या. रघूने त्यांना निकामी झालेल्यांतल्या दोन दिल्या आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "कबुतरांना काही फरक पडत नाही. तीन वर्षं बघतोय." बुधवार पेठेतून आणलेल्या मीटरचे चिमटे लावून तो बाराला आकडा घ्यायचा आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने सांगायचा. पोळ्या लाटता लाटता शैलावहिनी म्हणायच्या, "बरं." त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळल्याचा आवही त्या आणत नसत. वहिनी गेल्या त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मला बाराला पहिला फोन आला. ना नमस्कार, ना काय चाललंय. "एकशे नव्वद," एवढंच. मी बावचळून म्हणालो, "बरं." त्याने फोन ठेवला. तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. पावसाळ्यात तो म्हणायचा, "आज ढग आहेत. सांगण्यासारखा आकडा नाही. तरी सांगतो." मी बरं म्हणायचो. मूलबाळ नसलेला एक माणूस आणि मुलं परदेशी असलेला दुसरा, यांच्यात याहून जास्त बोलणं व्हायची गरज पडली नाही. एकेक करून काचा गेल्या आणि शेवटी ही एकच उरली.

त्याच्या सोसायटीने गच्चीवर सौर पॅनेल बसवली तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अध्यक्ष हौशी. मांडव, सनई, आणि प्रमुख पाहुणे म्हणून रघू. पहिल्या पॅनेलवर झेंडूचा जाडजूड हार घातला होता. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या सरांच्या संशोधनामुळेच हा दिवस उजाडला." रघू उठला. म्हणाला, "ही सिलिकॉनची, बाजारातली पॅनेल आहेत. यात माझं काही नाही." मग पुढे झाला, पॅनेलवरचा हार काढला आणि अध्यक्षांच्या हातात दिला. "सावली पडते. एकावर पडली की ओळीतल्या सगळ्यांची वीज कमी होते." अध्यक्ष हार धरून फोटोत तसेच उभे राहिले. "अहो सर, शुभकार्य आहे," कोणीतरी कुजबुजलं. रघू म्हणाला, "म्हणूनच सांगतोय. आठवड्याला धुवा." पेढा न खाताच आम्ही खाली आलो.

कॉलेजने शोकसभा घेतली. 'सूर्यपुत्र' असं लिहिलेला फ्लेक्स. रघूच्या डोक्यामागे सूर्य उगवलेला, त्यामुळे चेहरा पार काळवंडलेला. समोरच्या तसबिरीला झेंडूचा हार. पाच वक्ते बोलले. त्यातल्या दोघांनी त्याने सिलिकॉनवर काम केल्याचं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी फक्त हाराची गोष्ट सांगितली आणि खाली बसलो. लोक हसले. त्या हसण्यात मला एकदम वाटलं की या सभागृहात त्याच्याशी रोज बोलणारा माणूस मी एकटाच आहे... आणि आमचं बोलणं ते काय, तर एक आकडा आणि एक बरं.

मग पोपटरावांचा फोन आला. "सर, भाडेकरू येनार हाय. कबुतरांची जाळी लावा म्हनतोय. काचंचं काय करायचं तेवढं सांगा. दादा म्हनायचा हात लावू नका, म्हनून कुनी लावला न्हाई." मी धायरीला गेलो. खोली रिकामी होत होती, कट्ट्यावर कबुतरांची घाण, आणि मध्ये ती हातभरही नसलेली तपकिरी काच. मीटर लावला. आकडा आला. सांगायला कोणी नव्हतं. पोपटराव दारात उभे होते, त्यांना सांगितला, तर ते म्हणाले, "म्हंजी चांगलं का वाईट?"

अश्विनी ही रघूची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक. ती आधीच फोनवर म्हणाली होती, "काका, बाकीच्या सगळ्या गेल्या आणि ही टिकली. का टिकली ते कळलं तर सरांचं सगळं काम उभं राहील. पण त्यासाठी ती कापावी लागेल." मी एकदा रघूलाच विचारलं होतं, कापून का बघत नाहीस. तो म्हणाला होता, "कापली तर कळेल रे. मग उद्या बाराला काय करू?" त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकमेव अशास्त्रीय वाक्य.

काच कोथरूडला न्यावी असं फार वाटलं. माझ्या खिडकीसमोर दुसरी इमारत आहे, बाराला ऊन येत नाही, पण टेबलावर ठेवता आली असती. आयुष्यभर मी वर्गात पादुका आणि पगड्या पूजणाऱ्यांची टिंगल केली, आणि आता काच देव्हाऱ्यात बसवायला निघालो होतो. अश्विनी आली. मी चिमटे सोडवले. ती म्हणाली, "काका, सर असते तर दिली असती का त्यांनी?"

"नसती दिली," मी म्हणालो. "पण आता आकडा सांगणारा कोणी नाही. का टिकली तेवढं तरी कळू दे."

"लगेच नाही कळणार हं. वर्ष जाईल."

"जाऊ दे."

तिने काच कापसात गुंडाळली. पोपटरावांनी कट्टा धुतला आणि जाळीवाल्याला वर बोलावलं.

दुसऱ्या दिवशी बाराला माझा फोन वाजला. अश्विनी होती. "काका, कापण्याआधी एकदा उन्हात ठेवली. एकशे अडुसष्ट." मी म्हणालो, "बरं." ती म्हणाली, "उद्या सकाळी कापते."

त्याच्या पुढच्या दिवशी बाराला मी फोनजवळ बसलो होतो. फोन आला नाही. सव्वाबारा झाले तेव्हा समजलो की काच गेली. या वेळी माझा अंदाज बरोबर होता.