मंगलचं बक्षीस आणि आत्यांचा अबोला

कुरकुंभच्या एका औषधांच्या कंपनीत आम्ही बायका गोळ्या पॅक करतो. तोंडाला मास्क, म्हणून सुपरवायझरला वाटतं आम्ही गप्प आहोत! त्या मास्कमागं किती किस्से साठलेत, त्याला काय माहीत. दुसऱ्यांच्या किश्शांना मीठमसाला लागलेला असतो, पण मंगलचे मी स्वतः बघितलेत. ती माझी खुटबावची शेजारीण, लाइनवरही शेजारीच उभी, आणि आता सिनेमातली उत्कृष्ट अभिनेत्री. हसू नका, खरंच!

*

सिनेमावाले गावात जागा बघायला आले आणि गाडी थेट मंगलच्या कांद्याच्या रोपात घातली. मंगल अशी तुटून पडली, की ड्रायव्हर खाली उतरेचना. दिग्दर्शक मात्र उतरून शांतपणे ऐकत राहिला. तिचं संपल्यावर म्हणाला, "ताई, परत एकदा बोलाल का हे सगळं?"

"का? एकदा ऐकून पोट भरलं न्हाई व्हय?"

तिथंच हिरोईन ठरली.

*

शूटिंगला मेकअपवाला एक चिमुकली बाटली घेऊन आला. "ग्लिसरीन आहे मॅडम. डोळ्याखाली लावलं की लगेच पाणी येतं."

मंगल म्हणाली, "ह्याचे ड्रम ढकलतो आम्ही कंपनीत. रडू ड्रम ढकलून येतं, ग्लिसरीननं न्हाई!"

*

नवऱ्याचं काम करणारा नट पुण्याचा, अगदी काडीपैलवान. जेवणाच्या सीनला कधी कुत्रं भुंकायचं, कधी ट्रॅक्टर यायचा, आणि दर टेकला त्याच्यापुढं नवी भाकरी, नवं पिठलं. बिचारा घामाघूम झाला. मंगलचा खरा नवरा संपत सकाळपासून उपाशी उभा राहून हे बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"साहेब, तोंड त्यांचं दावा, पर भाकरी मला खाऊ द्या की!"

*

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण सिनेमात पुढं नवरा मरतो. मंगलनं कपाळ पुसलं, बांगड्या उतरवल्या. शूटिंग बघायला आलेल्या तिच्या सासूबाई, गजराआत्या, तडक उठल्या. "माझा लेक जित्ता हाय," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या. तेव्हापासून सुनेशी बोलणं बंद!

काही सांगायचं असलं की मधे संपत. "संपत, तुझ्या हिरोईनला सांग, दूध उतू चाललंय." संपत सांगेपर्यंत अर्धं दूध ओट्यावर.

आम्ही लाइनवर पोट धरून हसायचो. मंगल हसायची नाही. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं गं," म्हणायची. "त्यांच्याबिगर घरात मला बोलायला कोण हाय?"

*

बक्षीस जाहीर झालं तसा कंपनीनं गेटवर फ्लेक्स लावला. फोटो लाइनवरचा. टोपी, मास्क, गॉगल, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'उत्कृष्ट अभिनेत्री'!

मी म्हटलं, "मंगल, ही मीसुद्धा असू शकते."

"मग आज माझ्या घरी तूच जा," ती म्हणाली. "आत्या तुझ्यासंगं तरी बोलतील."

*

मग गावात शाळेच्या पटांगणात सिनेमा दाखवला. आत्या आल्या, पण बायकांच्या पार मागं जाऊन बसल्या.

नवरा गेल्याची बातमी येते, तो सीन लागला. कागदावर तिथं हंबरडा होता. मंगलनं दिग्दर्शकाच्या मागं लागून तो बदलून घेतला होता. पडद्यावर ती तोंडातून शब्द काढत नाही. उठते, गोठ्यात जाते, म्हशीपुढं उसाचं वाढं टाकते आणि कोरड्या डोळ्यांनी परत येते. परीक्षकांनी ह्याच सीनचं फार कौतुक केलं होतं.

गावाला मात्र ठाऊक होतं हे कुणाचं आहे. संपतचे वडील गेले तेव्हा गजराआत्यांनी हेच केलं होतं, आणि दगडाच्या काळजाची बाई म्हणून गावानं त्यांना वर्षानुवर्षं नावं ठेवली होती. पटांगणात एकेक मान मागं वळायला लागली. मंगलनं माझा हात घट्ट धरला. "मेले गं आता!"

आत्या उठल्या. बायकांतून वाट काढत थेट आमच्यापर्यंत आल्या. संपत शेजारीच बसला होता, त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मंगल," त्या म्हणाल्या, "वैरण मागनं टाकली हुती मी. आधी पाणी दावलं. आन् रडले हुते गं. म्हशीच्या आडोशाला, लई रडले हुते."