दाबली की तडकणारी शाई

ती केस आठवली की आजही हात शिवशिवतात. तेव्हा मी अंधेरीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. एका बाईनं ठाणे अंमलदाराच्या टेबलावर डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या दोन बाटल्या आपटल्या. "आईचा डोळा जातोय आणि तुम्ही मला उद्या या म्हणता?"

मी तिला आत बोलावलं. तिची आई मासळी विकायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण थेंबांची नवी बाटली सुरू केली आणि डोळा लालबुंद सुजला. "साहेब, दोन्ही दाबून बघा ना," लेक म्हणाली. जुन्या बाटलीवरची छपाई जशीच्या तशी राहिली. नवीवरच्या अक्षरांना बारीक तडे गेले आणि शाईची निळी खपली माझ्या बोटाला चिकटली.

बनावट औषध! औषध निरीक्षकांना कळवलं, गुन्हा दाखल केला. दुकानदारानं माल एका फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेला, आणि त्या विक्रेत्याचा मोबाईल बंद. हातात उरली फक्त शाई.

मग शाई बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञ बाईंना गाठलं. भिंगाखाली बाटली धरताच त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "ही यूव्ही शाई. हवेनं वाळत नाही, अतिनील दिव्याखालून गेली की क्षणात घट्ट होते. ती पातळ करायला मोनोमर नावाचं रसायन घालतात. ते उडून जात नाही, शाईबरोबर तेही घट्ट होतं. म्हणून मोनोमर कोणता निवडला यावर सगळं अवलंबून."

"मला कळेल असं सांगा, मॅडम."

"समजा, त्याच्या कणांना हात आहेत. काहींना एक, काहींना तीन. तीन हातवाले एकमेकांना गच्च पकडतात. शाई झटपट घट्ट होते, कडक होते, पण वाकवली की तडकते. दाबायच्या बाटलीला कमी हातांचे, लवचीक मोनोमर लागतात. ह्या छापणाऱ्यानं कडक वस्तूची शाई मऊ बाटलीवर मारलीय. हा रोज स्विचच्या प्लेटा वगैरे छापत असणार. आणि हो, कच्चा मोनोमर कातडीला चावतो. हात बघा त्याचे."

मी अक्षरशः उठून उभा राहिलो. आता शोधायचं कुणाला, ते कळलं होतं! सगळ्या खबऱ्यांना एकच निरोप दिला. दुपारी घाटकोपरहून फोन आला. "साहेब, स्विचच्या प्लेटा छापणारा एक आहे इथं. हल्ली त्याच्याकडं बारक्या बाटल्यांच्या गोणी येतात."

आम्ही त्याचा गाळा गाठला. छपाईचं मशीन होतं, अतिनील दिवा होता, बाटली एकही नव्हती. मालकाला चौकशीसाठी आणलं. पन्नाशीचा, शांत माणूस. बोटांच्या बेचक्यात कातडी लाल होऊन फाटलेली.

"हे कशानं?"

"साबणानं, साहेब."

"गोणी कसल्या?"

"कसल्या गोणी?"

असंच चाललं होतं. रसायनतज्ज्ञ बाई त्यांचा जबाब नोंदवायला ठाण्यात आल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि बाटली पुढे केली. त्यांनी ती दाबली, खपली झटकली. "कच्चं काम. छापणाऱ्याला मोनोमर कळतच नाही."

माणूस ताडकन उसळला. "कळत नाही? मला? अहो, मी सांगितलं होतं त्याला, ही शाई मऊ बाटलीला चालणार नाही, तडकणार! दुसरा मोनोमर मागवतो म्हटलं, तर तो म्हणतो, 'आहे त्यात छाप, उद्या माल हवा!'"

 मग आपण काय बोलून बसलो ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो मटकन खाली बसला.

"कुणाला सांगितलं होतंस?" मी हळूच विचारलं.

त्यानं दहिसरच्या एका शेडचं ठिकाण सांगितलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. पण आरोपीनं दाखवलेला माल टिकतो. लगेच पंच बोलावले, त्याचं निवेदन नोंदवलं आणि त्याला बरोबर घेऊन गाड्या दहिसरकडे सोडल्या. नाक्याच्या अलीकडे एका शेडसमोर टेम्पो उभा होता, त्यात खोकी चढत होती. माझ्या हवालदारानं धावत जाऊन टेम्पोची चावीच काढून घेतली. आत पिंपातून गढूळ पाणी बाटल्यांत भरणं चालू होतं. फिरता विक्रेताही तिथंच सापडला. एकही खोकं बाहेर गेलं नाही. त्या दिवशीचा पंचनामा मी स्वतः लिहिला, आनंदानं.

मासळीवाल्या आजींचा डोळा डॉक्टरांनी वाचवला. नजर पूर्वीसारखी नाही, पण लेकीचा चेहरा दिसतो.

दोषारोपपत्राच्या वेळी मी छापणाऱ्याला विचारलं, "बाटलीत काय भरतात, हे विचारलं नाहीस?" तो बोटांच्या बेचक्यांकडे बघत म्हणाला, "ते माझं काम नव्हतं, साहेब."

त्यानंतर चौकशीत मी आधी माणसाच्या कामाबद्दल बोलू लागलो. गुन्ह्याबद्दल माणूस सहज खोटं बोलतो, कसबाबद्दल त्याला खोटं बोलवत नाही. पण त्याहून जास्त मला वेगळंच टोचतं. शाई तडकल्याची त्या माणसाला मनापासून लाज वाटली होती. डोळ्याची लाज वाटायला मात्र त्याला कोर्टात आजींना समोर पाहावं लागलं.