आमचं शनिवारचं पुस्तक

तीन आया आणि त्यांच्या तीन मुली एका पुस्तकाभोवती बसल्या, की पुस्तक सरकतं पानभर आणि किस्से जमतात पोतंभर! एकोणीसशे पस्तीसच्या आगेमागे नाशकात आमचा असा एक क्लब होता. मी आणि आई, शेजारच्या नर्मदाकाकू आणि त्यांची शांता, पलीकडच्या आळीतल्या राधाकाकू आणि त्यांची कुसुम. दर शनिवारी दुपारी आमच्या माजघरात बैठक. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "शिवण शिकतो!"

मुळात हे सुरू झालं ते भांडणातून. बाबा लायब्ररीतून आठवड्याला एकच पुस्तक आणायचे आणि ते आम्हा दोघींना एकाच वेळी हवं असायचं. मी ते दप्तरात लपवायची. आईनं वरताण केली. तिनं ते ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवलं!

बाबांनी ते परत नेऊन दिलं. लायब्ररीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं उघडलं, तर भसकन पीठ टेबलावर. कारकून शांतपणे म्हणाले, "राव, पुस्तक चाळा म्हटलं की लोक पानं चाळतात हो!"

बाबा लाल होऊन घरी आले. "आजपासून दोघींनी एकत्र बसून वाचायचं!" झाला क्लब सुरू.

*

एकदा एक कादंबरी आली. आयांनी ती आधी आपसांत वाचली आणि आमच्या हाती दिली, तेव्हा मधली आठ पानं पांढऱ्या दोऱ्यानं चक्क शिवलेली होती.

आम्ही तिघींनी काही विचारलं नाही. गुणी मुलींसारखं पुस्तक घेतलं, शांताच्या घरी माळ्यावर गेलो, दोरा उसवला, आठही पानं दोनदा वाचली आणि पुन्हा शिवून टाकली. कसलं काय, नायक नायिकेचा हात धरतो, एवढंच!

पुढच्या शनिवारी नर्मदाकाकूंनी पुस्तक हातात घेतलं. शिवणीवरून बोट फिरवलं. मग त्या माझ्या आईला म्हणाल्या, "आपला टाका धावदोरा होता ना? ही तर उलटी टीप आहे. पोरींचं शिवण सुधारलं हो!"

*

आमच्याकडे भांडी घासायला पारूबाई यायच्या, निफाडकडच्या. त्या मोरीत बसून सगळं ऐकायच्या. एका गोष्टीतली नायिका नवऱ्यावर रुसून घर सोडते आणि नदीकाठी उभी राहून रडते. तीही चांगली दहा पानं! आई वाचत होती, आम्ही पदरानं, परकराच्या टोकानं डोळे टिपत होतो.

तेवढ्यात मोरीतून आवाज आला, "बाई, ती अजून रडूनच ऱ्हायली का? तिनं सकाळधरनं काय खाल्लं हाय का नाय? भाकर खाय म्हणावं, मंग रड!"

त्या दिवशी पुढे वाचणं शक्यच झालं नाही.

पुढच्या शनिवारी पारूबाईंनी दारातूनच विचारलं, "जेवली का ती?"

पुस्तकात जेवणाचं नावच नव्हतं. नर्मदाकाकू जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "जेवली हो, पोटभर!"

"मंग बरं," म्हणत पारूबाई भांड्यांना लागल्या.

*

एका पुस्तकात एका मुलीची शाळा सुटते. घरी धाकटं भावंड झालं म्हणून वडील तिची पाटी फडताळावर ठेवून देतात. ते पान आईच्या वाट्याला आलं. चार ओळी वाचल्या आणि तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तू वाच. मला नीट दिसत नाहीये."

बाबांना काळजी वाटली. दुसऱ्याच दिवशी ते तिला टांग्यात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासलं, तक्ता वाचायला लावला. तिनं अगदी खालची ओळही धडाधड वाचली.

"डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुम्ही वाचत काय होता?"

बाबांनी घरी येऊन मला तोच प्रश्न विचारला. मी ते पान त्यांना दाखवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, "तुझी आई दुसरीतच होती गं तेव्हा." तेव्हा कुठे मला कळलं.

मला मॅट्रिकपर्यंत शिकू द्यायचं की नाही, हा वाद आमच्या घरात पुन्हा झाला नाही.

*

राधाकाकूंना वाचता येत नसे. कुसुम वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. कुसुमचं लग्न मालेगावला ठरलं, आणि काकूंनी एकाएकी पाटी मागितली. "माझ्या मुलीचं पत्र मला दुसऱ्याच्या तोंडून नको!" लग्नाला चार महिने होते. मुलीनं आईला बाराखडीपासून शिकवलं.

कुसुम सासरी गेली. तिथला शिरस्ता असा, की सुनेचं पत्र आधी सासऱ्यांनी वाचायचं, मगच ते टपालात पडायचं. दोन महिन्यांनी पहिलं पत्र आलं. कुसुमच्या वडिलांनी, अण्णांनी, ते मोठ्यानं वाचलं. "सर्व मंडळी प्रेमळ आहेत. मी बरी आहे. काळजी नसावी." घडी घालून म्हणाले, "झालं! पोरगी सुखात आहे."

राधाकाकूंनी पत्र मागून घेतलं. खिडकीशी बसून, ओळीखाली बोट धरून, अर्धा तास वाचलं. कुसुमनं पाटीवर काढून दिलेली अक्षरं कशी ठसठशीत असायची; ही वाकडीतिकडी होत ओळीखाली उतरली होती. मग उठून दोन लुगड्यांचं बोचकं बांधलं.

"मला मालेगावला जायचंय. आत्ता."

"अगं, मी वाचून दाखवलं ना!" अण्णा म्हणाले.

"तुम्ही फार भरभर वाचलंत."

आयुष्यात पहिल्यांदा त्या एकट्या सर्व्हिस मोटारीत बसल्या. मालेगावला पोचल्या तर कुसुम तीन आठवडे तापानं अंथरुणात, नुसती हाडं राहिलेली. काकू कुणाशी भांडल्या नाहीत. "आमच्या डॉक्टरांना दाखवून आणते," एवढंच म्हणाल्या आणि लेकीला घेऊन निघाल्या.

पुढचं मला कुसुमनंच सांगितलं, दोन महिन्यांनी, ती हिंडूफिरू लागल्यावर. मोटार चांदवडपाशी आली तेव्हा तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं.

"आई," ती म्हणाली, "मी तर सगळं बरं आहे असंच लिहिलं होतं गं."

"हो," राधाकाकू म्हणाल्या, "वाचलं ना मी!"